पश्चिमेच्या भिंतीसमोर फाउंटन ग्रास लावू की सावलीचं झाड? (सोलापूर)

तापलेली_भिंत

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे पण पूर्ण वाचून सांगा प्लीज. आमचं घर जुळे सोलापुरात आहे, कॉर्नरचा प्लॉट, आणि पश्चिमेला साधारण २० फूट रुंद अन ४० फूट लांब जागा मोकळी सोडलीय. सध्या तिथं काहीच नाही, बांधकामाचा राडारोडा पसरलेला आणि त्यावर मुरूम टाकलाय बस्स. आमची बेडरूम नेमकी त्याच बाजूला. एप्रिल लागला की दुपारी तीननंतर ती भिंत जी तापायला सुरुवात होते ती रात्री अकरा-बारापर्यंत गार होत नाही, आतून प्लास्टरला हात लावला तरी कोमट लागतं, पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध घेतलाय, कूलर चालू असला तरी त्या बाजूला झोपणाऱ्याला झळ लागतेच.

आता या जागेत काहीतरी लावायचं हे नक्की झालंय, पण काय लावायचं यावर घरात एकमत होईना. दीर पुण्याला असतात, त्यांच्या ऑफिसच्या आवारात ते जांभळट फाउंटन ग्रास लावलंय, त्याचे फोटो त्यांनी फॅमिली ग्रुपवर टाकले, आणि खरंच फार छान दिसतं, वाऱ्यावर सगळे तुरे एका बाजूला झुकलेले. ते म्हणतात पाणी कमी लागतं, कचरा नाही, एका वर्षात भरून येतं. सासूबाईंचं म्हणणं लिंब म्हणजे कडुलिंब लाव, दुसरं काही ऐकायच्याच नाहीत. मिस्टरांना भीती की झाड लावलं तर मुळं पायात शिरून घराला भेगा जातील. मला स्वतःला दोन्ही आवडतं, पण मला रात्री झोप लागायला पाहिजे हे पहिलं.

पाण्याचं तुम्हाला माहितीच आहे, नळाला चार-पाच दिवसाआड येतं. बोअर आहे पण पाणी जड, बादलीला पांढरा थर बसतो. दाट गवतात साप येतात का हेही सांगा, घरात लहान पोरं आहेत. नर्सरीवाला ग्रासच्या एका पिशवीला दीडशे सांगतोय आणि म्हणतोय निदान तीस-चाळीस तरी लागतील, म्हणून एकदम खर्च करायच्या आधी विचारतेय.

गवतवेडा_होटगीरोड

ताई, मी तसा गवताच्या बाजूचाच माणूस, घरी तीन-चार जातींची शोभेची गवतं आहेत, तेव्हा आधी त्याचं सांगतो. तुम्ही फोटोत बघितलं ते पेनिसेटम, जांभळ्या पानाचं. त्याचा ठोंब तीन ते चार फूट उंच होतो आणि तेवढाच पसरतो. उन्हाला अजिबात डरत नाही, उलट दिवसभर ऊन मिळालं तरच पानाला तो वाइन कलर येतो, सावलीत पान हिरवट पडतं आणि ठोंब लोळतो. सकाळी सातच्या सुमाराला ऊन आडवं येतं ना, तेव्हा तुऱ्याजवळ जाऊन बघा, एकेक केस वेगळा दिसतो, टोकाला गुलाबी आणि बुडाला पांढरट, त्यावर दव असलं तर अख्खा तुरा चांदीचा वाटतो. हे सुख झाड देत नाही हे मी ठामपणे सांगतो.

पाणी पहिल्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवसाआड द्यावंच लागेल, मुळं धरली की आठवड्यातून एकदा भरपूर दिलं तरी निभतं. फेब्रुवारीत बुडापासून अर्धा फूट ठेवून सगळं कापून टाकायचं, नवीन फूट येते. तीन-एक वर्षांनी ठोंब मधून पोकळ व्हायला लागतो, मग जूनमध्ये खणून काढायचा आणि कुदळीने तोडून त्याचेच चार करायचे. म्हणजे तीस-चाळीस पिशव्या घ्यायची काही गरज नाही, ४० फूट लांबीला अडीच फुटावर एक धरला तरी एका ओळीला सोळा-सतरा बसतात, आणि दहा घेऊन सुरुवात केली तरी पुढं आपलेच आपल्याला होतात. फक्त वाफा जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच करा, आपल्याकडं सप्टेंबरच्या पावसात काळ्या मातीत पाणी साचून राहतं आणि बूड कुजतं.

सापाचं म्हणाल तर साप गवतासाठी येत नाही, उंदरासाठी येतो. ठोंब भिंतीला चिकटून लावले आणि खालचं वाळकं पान कधी काढलंच नाही तर उंदीर घर करतो, मग त्याच्यामागं तो येणारच. भिंतीपासून तीन फूट मोकळी फरशी किंवा खडी ठेवा आणि बुडं साफ ठेवा.

आता मुद्द्याचं, जे मला आवडत नसलं तरी सांगायलाच पाहिजे. तुमची तक्रार भिंतीची आहे आणि भिंतीला गवताचा उपयोग जवळजवळ नाही. मुरमाची धग थोडी कमी होईल, कारण आता जमीन तापून उष्णता भिंतीवर फेकतेय ती गवतानं अडते. पण सूर्य सरळ भिंतीवर येणार तो येणारच. चार फुटाच्या गवताकडून सावली मागणं म्हणजे गवतावर अन्याय आहे. आणि एक सांभाळा, कापलं नाही तर एप्रिल-मेमध्ये ते कडकडीत वाळतं, कुंपणापलीकडं कोणी पालापाचोळा पेटवला तर क्षणात पेट घेतं.

सिव्हिल_सातरस्ता

वरच्या भावानं प्रामाणिकपणे सांगितलं, त्याला आकड्यांची जोड देतो कारण हा प्रश्न चक्क मोजून सोडवता येतो.

सोलापूर साधारण १७.७ अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावली दिवस म्हणतात तो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दुपारी बारा-साडेबाराला भिंतीवर ऊन जवळपास नसतंच, ते गच्चीवर असतं. भिंत भाजते ती तीन ते सहामध्ये, आणि तेव्हा सूर्य नुसता पश्चिमेला नसतो, किंचित उत्तरेकडं सरकलेला असतो, मे महिन्यात मावळताना पश्चिमेपासून २० अंशाच्या आसपास उत्तरेला. म्हणून झाड बेडरूमच्या भिंतीच्या बरोबर मध्यासमोर न लावता दोन-तीन फूट उत्तरेच्या बाजूला सरकवून लावा, सावली नेमकी पाहिजे तिथं पडेल.

आता हिशोब. मेमध्ये दुपारी चारला सूर्य क्षितिजापासून अंदाजे ३९ अंशावर असतो. चार फुटी गवत भिंतीपासून तीन फुटावर लावलं तर त्याची सावली भिंतीवर जेमतेम दीड फूट चढते, म्हणजे स्कर्टिंगच्या थोडी वर. तेच २० फुटी झाड १२ फुटावर असलं तर चार वाजताची सावली भिंतीवर १० फुटापर्यंत जाते, तळमजल्याची अख्खी भिंत झाकली. पाच वाजता सूर्य आणखी खाली येतो, २५ अंशापर्यंत, तेव्हा त्याच झाडाची सावली १४ फुटाच्या पुढं चढते. दोन्हींची तुलना या बाबतीत होऊच शकत नाही.

पायाचं आता, कारण साहेबांची भीती पूर्ण खोटी नाही. आपली काळी माती पाणी पिली की फुगते आणि वाळली की आकसते, उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या त्यामुळंच. मूळ काँक्रीट फोडत बसत नाही, ते पायाखालची ओल ओढून घेतं, माती एका बाजूला जास्त आकसते, पाया तिथं खचतो आणि भिंतीला तिरकी भेग जाते. म्हणून आधी हे बघा की तुमचा पाया मुरमापर्यंत नेलाय का काळ्या मातीतच ठेवलाय. मुरमावर बसला असेल तर मोठी काळजी नाही. काळ्या मातीत असेल तर वड, पिंपळ, उंबर यांचं नावच काढायचं नाही आणि बाकीचं झाडसुद्धा १५ फुटाच्या आत नको. तुमच्याकडं २० फूट रुंदी आहे म्हणजे १५ फुटावर लावून कंपाउंडपासून पाच फूट राहतात, जमतंय. ड्रेनेजचा चेंबर आणि सेप्टिक टँक कुठं आहे ते बघूनच खड्ड्याची जागा धरा, वरून लाइटच्या तारा जात असतील तर तिथं नको, नाहीतर दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला शेंडा छाटला जाणार आणि झाडाचा आकार जाणार तो जाणारच.

दक्षिणेला झाड लावायचा विचार असेल तर नको. मेमध्ये तिथून घराला सावली मिळत नाही आणि डिसेंबर-जानेवारीत मात्र सूर्य दक्षिणेकडं झुकलेला असतो तेव्हा गच्चीवरच्या सोलरवर सावली पडते.

आणखी एक, लावायच्या आधी पक्का विचार करा, कारण महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलासुद्धा वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. गवत नको वाटलं तर उद्या उपटाल, झाडाचं तसं नाही.

आबा_मोहोळवाले

पोरी, सासूबाईचं ऐक. 😊 सोलापूरच्या हवेला लिंबासारखं झाड नाही. पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही भरवशाचा नाही, वर हे ४३-४४ चं ऊन, यात कोणाच्या मेहेरबानीशिवाय उभं राहतं ते लिंब. चुनखडीची जमीन चालते, जड पाणी चालतं. पानं झडतात ती फेब्रुवारी-मार्चला, आणि बरोब्बर ऊन तापायच्या टायमाला कोवळी तांबूस पालवी येऊन एप्रिलमध्ये झाड भरलेलं असतं. आपल्याला सावली पाहिजे तेव्हाच ते सावली देतं, हिवाळ्याच्या शेवटी पान टाकून कोवळं ऊनही घरात येऊ देतं. गुढीपाडव्याला पाला आणि फुलं घरचीच.

आता लावायचं कसं ते नीट ऐका, कारण झाड मरतं ते उन्हानं कमी आणि खड्ड्यानं जास्त. तुमच्याकडं राडारोडा आहे म्हणताय. तो सगळा काढावा लागेल, सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे, सगळं. तीन बाय तीन बाय तीन फुटाचा खड्डा मे महिन्यातच काढून ठेवा आणि पंधरा-वीस दिवस उन्हात तापू द्या. मग खालची काढलेली माती तशीच परत टाकू नका, चांगली गाळाची माती आणि दोन-तीन पाट्या कुजलेलं शेणखत मिसळून भरा, शेणखत ताजं असेल तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, लागते. खड्डा भरून जमिनीच्या वर थोडा उंचवटा ठेवा, पाऊस पडला की माती बसते. मृगाचा पाऊस चांगला दोनदा झाला, वीतभर ओल खाली गेली की मग रोप लावा. आपल्याकडं जोरदार पाऊस सप्टेंबरमध्ये असतो, तोवर मूळ धरलेलं असलं म्हणजे त्या पावसाचा पूर्ण फायदा रोपाला होतो.

रोप नर्सरीतून मोठं आठ-दहा फुटी आणायच्या भानगडीत पडू नका, पिशवीत त्याचं सोटमूळ गोल गोल वळलेलं असतं, वरून दिसायला मोठं पण आयुष्यभर खाली जात नाही. दीड-दोन फुटाचं काटक रोप घ्या, तेच दोन वर्षांत मोठ्याला मागं टाकतं.

पाणी रोज तांब्या-तांब्या घालायचं नाही! वरवरची मुळं वरच राहतात. आठवड्यातून एकदा दोन-तीन बादल्या एकदम द्या, सावकाश जिरू द्या. रोपापासून दीड फुटावर मातीचं मडकं पुरा, बुडाला बारीक भोक पाडून कापडाची वात घाला आणि वर झाकण ठेवा, भरलं की चार-पाच दिवस झिरपत राहतं, म्हणजे तुमच्या नळाच्या पाळीबरोबर जमतंय. बुंध्याभोवती उसाचं पाचट अंथरा, आपल्या जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही. मंगळवेढ्याची ज्वारी बघता ना, पेरल्यानंतर पाऊस नसला तरी काळ्या मातीतल्या नुसत्या ओलीवर कणसाला येते. ओल खाली धरून ठेवायची अन वरून उडू द्यायची नाही, सगळी शेती एवढ्यावर आहे आपली.

माळावरची

मला यात एक वेगळी गोष्ट सांगायचीय. वरती सगळे गवताला शोभेची वस्तू म्हणतायत याचं वाईट वाटतं, कारण आपला जिल्हाच मुळात गवताचा आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झालं ते गवताळ माळासाठी, तिथं पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवतं आहेत, पावसानंतर गुडघाभर उंच होतात आणि नोव्हेंबरात सगळा माळ तांबूस सोनेरी दिसतो. अशा माळावर झाडं लावत सुटणं चुकीचं आहे, मोकळ्या रानात राहणाऱ्या पक्ष्यांना, काळविटांना, लांडग्यांना झाडी नको असते. पण घराचं अंगण म्हणजे माळ नाही, तिथं भिंत आहे आणि भिंतीमागं माणसं झोपतात, म्हणून तिथं झाड लावा याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

विनंती एवढीच की फाउंटन ग्रास घेणार असाल तर हिरव्या पानाचं घेऊ नका. ते आफ्रिकेतलं, बी वाऱ्यावर उडतं, हवाईमध्ये त्यानं मोकळ्या जमिनी व्यापल्यात आणि तिथं आगी पसरायला ते मोठं कारण झालंय. कोरडी हवा, वारा आणि मोकळं रान हे तिन्ही आपल्याकडं आहेच की. जांभळ्या जातीला बी जवळजवळ धरत नाही, ती त्यातल्या त्यात बरी.

त्यापेक्षा वाळा लावा ना! ठोंब चार-पाच फूट होतो, फुटव्यापासून लावतात, तणासारखा पसरत नाही, मुळं सरळ खाली तीन-तीन मीटर जातात, माती धरून ठेवतात. पाच-सहा वर्षांनी एखादा ठोंब काढलात तर ती मुळं माठात टाका नाहीतर कूलरच्या जाळीत भरा. ज्या भिंतीच्या उकाड्यापायी तुम्ही हे सगळं करताय तिथंच ती उपयोगाला येतात. तुरे तेवढे देखणे नसतात हे मान्य, पण पावसाळ्यात त्या हिरव्या पात्यांची कमान फार सुंदर दिसते आणि मुनिया पक्षी घरट्यासाठी लांब पाती ओढून नेताना दिसतील.

गवतवेडा_होटगीरोड

हिरव्या जातीचं अगदी बरोबर, मीही ती कुणाला देत नाही. वाळा चालेल, फक्त पात्याच्या कडा जरा कापऱ्या असतात, पोरांच्या वाटेवर लावू नका. पंपास ग्रास कुणी सुचवलं तर तेही पोरं असलेल्या घरात नको, त्याचं पातं तर ब्लेडसारखं लागतं.

तापलेली_भिंत

बापरे किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी, मिस्टरांना वाचून दाखवलं. ते दीड फूट आणि दहा फूट ऐकल्यावर दीरसुद्धा गप्प झाले फोनवर. 😀 पाया मुरमापर्यंत गेलाय, खोदताना मिस्टर स्वतः उभे होते म्हणून खात्री आहे. चेंबर दक्षिणेच्या कोपऱ्यात आहे, तारा रस्त्याच्या पलीकडून जातात.

आता आणखी दोन शंका. एक, लँडस्केपिंग करणारे एकजण येऊन गेले, ते म्हणतात लिंबाला वेळ लागतो, कोनोकार्पस लावा, दोन वर्षांत हिरवी भिंत उभी राहते. दोन, झाड मोठं होईपर्यंत आम्ही काय करायचं, पाच-सहा उन्हाळे असेच काढायचे का? आणि शेजारच्या काकू म्हणाल्या लिंबापेक्षा करंज लाव, त्याची सावली जास्त दाट. खरंय का?

सिव्हिल_सातरस्ता

कोनोकार्पस अजिबात नको. वाढतं जोरात हे खरं, पण मुळं पाइपलाइन आणि ड्रेनेज शोधत जातात, परागांचा त्रास होतो म्हणून गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. वर ना त्यावर पक्षी बसत ना काही.

मधल्या काळासाठी भिंतीपासून फूटभर अंतर सोडून लोखंडी फ्रेमवर जाळी उभी करा आणि मधुमालती चढवा. भिंत आणि वेलाच्या मधून हवा खेळती राहिली पाहिजे म्हणून ते फूटभर अंतर, थेट भिंतीवर चढवली तर ओल धरेल आणि पालीही होतील. वेल दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत बऱ्यापैकी झाकते. पहिल्या उन्हाळ्यात त्याच फ्रेमला हिरवं शेडनेट बांधा. आणि भिंतीला बाहेरून पांढरा रंग द्या, सध्या कुठला गडद रंग असेल तर तोच आधी बदला, सगळ्यात स्वस्त उपाय आहे तो.

करंजाबद्दल माझं मत काकूंसारखंच. पान मोठं, सावली गच्च, फांद्या खालपासून पसरतात म्हणून बुटकी रुंद छत्री होते, आणि तुम्हाला उंची २०-२५ फूटच पाहिजे, लिंब तर पन्नासच्या पुढं जातं.

आबा_मोहोळवाले

करंज वाईट नाही ओ, पण त्याच्या पानावर फोड येतात, नागमोडी पांढऱ्या रेघा पडतात, झाड मरत नाही पण अर्धं वर्ष पान रोगट दिसतं आणि बायामाणसं औषध मारा म्हणून मागं लागतात. औषधाची गरज नसते. शिवाय फुलांचा सडा एप्रिल-मेमध्ये एवढा पडतो की रोज झाडावं लागतं, पुढं शेंगा. लिंबाचाही कचरा आहेच, मोहोर पडतो, जून-जुलैमध्ये निंबोळ्या पडून पायाला चिकटतात. कचरा न करणारं झाड मी तरी बघितलेलं नाही. पण निंबोळी गोळा करून कुटून भिजवली तर तुमच्या कुंड्यांच्या फवारणीचा वर्षभराचा प्रश्न मिटतो.

उंचीचं सिव्हिलवाल्या भावाचं खरं आहे. तरी लिंब लहानपणीच आठ-नऊ फुटावर शेंडा खुडून पसरवता येतो. सोट वाढू दिला तर मात्र सावली भिंतीवरून शेजाऱ्याकडं जाईल.

माळावरची

दोन्ही लावा की! ४० फूट लांबी आहे. एक लिंब आणि एक करंज, मध्ये २० फूट अंतर. एकाची पानगळ चालू असताना दुसरं थोडं तरी भरलेलं असतं आणि एकाला कीड लागली तर दुसरं राहतं. निंबोळ्या पिकल्या की बुलबुल, कोकिळा, तांबट सगळे येतील.

आणि गवत झाडाच्या बुंध्याशी अजिबात लावू नका, हे अजून कुणी बोललं नाही. रोप लहान असताना गवताची झुपकेदार मुळं वरचं सगळं पाणी पिऊन टाकतात आणि झाड वर्षानुवर्षं तेवढंच राहतं. रोपाभोवती चारी बाजूंनी तीन फूट जागा गवताशिवाय ठेवायची, तिथं फक्त पाचट.

गवतवेडा_होटगीरोड

अगदी. आणि याच्या उलटंही लक्षात ठेवा ताई. आज तुमच्याकडं नुसतं ऊन आहे म्हणून गवत मस्त येईल, पण चार-पाच वर्षांनी झाडं पसरली की खालचं गवत विरळ होऊन लोळायला लागेल, तुरे येणार नाहीत. तेव्हा घाबरून खत घालत बसू नका, त्याला ऊन कमी पडतंय एवढंच. ठोंब उचलायचे आणि कंपाउंडच्या कडेला जिथं ऊन शिल्लक आहे तिथं न्यायचे. मी तुमच्या जागी असतो तर आताच कंपाउंडलगत एक ओळ जांभळ्या पेनिसेटमची आणि भिंतीकडच्या बाजूला कोपऱ्यात दोन-तीन ठोंब वाळ्याचे लावले असते. एकूण दहा पिशव्या. दिरांनाही बरं वाटेल, पुढच्या दिवाळीला येतील तेव्हा तुरे आलेले असतील.

झाडाखाली सावली झाल्यावर मग स्पायडर प्लांट लावा, दिसायला गवतासारखंच असतं आणि सावलीत टिकतं.

तापलेली_भिंत

ठरलं मग, दोन झाडं, कंपाउंडला गवत आणि जाळीवर मधुमालती. सासूबाईंनी लिंबाची जागा स्वतः काठी रोवून दाखवली, भिंतीपासून मोजून १५ फूट.

आज गड्याकडून पहिला खड्डा काढायला घेतला. वरचा फूटभर राडारोडा निघाला, त्याखाली काळी माती, पण दोन फुटाच्या खाली पांढरे गोटे लागलेत, बोटाएवढे, काही मातीतच मिसळलेले, कुदळ मारली की पांढरी पूड उडते. हे काय आहे? इथं झाड येईल का? गडी म्हणतोय जागा बदला.

आबा_मोहोळवाले

चुनखडी आहे ती, जागा बदलून उपयोग नाही, दहा फूट सरकलात तरी तीच लागणार. त्यावर लिंबूरस, व्हिनेगर किंवा ॲसिडचा थेंब टाकून बघा, फसफसलं म्हणजे चुनाच. लिंबाला आणि करंजाला तिचं काही वाटत नाही. त्या जमिनीत सोनचाफा लावला असता तर पान पिवळं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या असत्या, कारण चुनखडीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. पुढं पेरू, मोसंबी लावायची हौस आली तर हे ध्यानात ठेवा.

गड्याला सांगा पहारीनं खड्ड्याच्या तळाला आणखी फूटभर खाली मधोमध भोक पाडायला, चुनखडीचा थर कडक असला की सोटमूळ तिथंच वळतं आणि पावसाचं पाणीही तिथंच थांबतं. भोक पाडल्यावर एक बादली पाणी ओतून बघा. तासा-दोन तासात जिरलं तर भोक गाळाच्या मातीनं भरून घ्या आणि पुढचं सगळं वर सांगितलंय तसंच. सकाळपर्यंत तळात पाणी दिसलं तर भोक आणखी खाली न्या, मुरूम लागेपर्यंत. निघालेले पांढरे गोटे परत खड्ड्यात टाकू नका, कंपाउंडच्या बाहेर वाटेवर पसरा.